शिकण्या-शिकवण्याचे इंग्रजी वाक्प्रचार: पाठ करायचे नाहीत, वापरायचे कसे

मराठी माध्यमातून आलेल्या माणसाला इंग्रजी वाक्प्रचार बहुधा शंभराच्या यादीत भेटतात. डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ. यादी पाठ होते, परीक्षेत जोड्याही जुळतात आणि पहिल्याच इंटरव्ह्यूत तोंडून निघतं, 'आय लर्न्ट द रोप'. अर्थ बरोबर, पण वाक्प्रचार चुकलेला. रोप एक नसतो, 'रोप्स' असतात.

वाक्प्रचाराचं ठरलेलं रूप काय, तो कोण कोणाला म्हणतं, आणि आपल्या डोक्यातला कोणता मराठी वाक्प्रचार त्याला आडवाटेला नेतो, हे यादीत नसतं. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. विषय मुद्दाम एकच घेतला आहे, शिकणं आणि ज्ञान. नोकरीचा इंटरव्ह्यू, नव्या ऑफिसातले पहिले महिने, आयईएलटीएस या इंग्रजीच्या आंतरराष्ट्रीय परीक्षेच्या तोंडी भागातले सुरुवातीचे प्रश्न, सगळीकडे आधी हेच विचारतात: काय शिकलात, कसं शिकलात, किती येतं.

लागणारं साहित्य:

- एक दोनशेपानी वही. ॲप चालेल, पण हाताने लिहिलेलं रूप जास्त टिकतं.
- एक लर्नर्स डिक्शनरी, म्हणजे इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, केंब्रिज किंवा लाँगमन, कोणताही एक. तिन्ही इंटरनेटवर फुकट बघता येतात.
- मोबाईलमधला व्हॉइस रेकॉर्डर.
- शाळेतलं मराठी व्याकरणाचं जुनं पुस्तक, म्हणी आणि वाक्प्रचारांच्या पानांसाठी. पाचव्या पायरीला लागेल.

इंग्रजी-मराठी शब्दकोश घरात असेल तर असू द्या, पण या कामाला तो कमी पडतो. तो अर्थ सांगतो, वापर सांगत नाही.

या लेखात सगळे वाक्प्रचार देवनागरीत आहेत. वहीत उतरवताना रोमन स्पेलिंग शब्दकोशात बघूनच लिहा, उच्चारावरून नाही. घोकंपट्टीला 'लर्न बाय रोट' म्हणतात. यातला 'रोट' ऐकायला 'लिहिलं' या अर्थाच्या 'रोट'सारखाच लागतो, पण त्याचं स्पेलिंग आर-ओ-टी-ई. सुरुवातीला डब्ल्यू लावलात की वाक्य हास्यास्पद होतं.

१. बोलायचे वेगळे, समजायचे वेगळे

सगळे वाक्प्रचार वापरायचे नसतात. वहीची दोन भागांत विभागणी करा. पुढून 'बोलायचे', मागून 'समजायचे'.

बोलायच्या भागात पहिल्या महिन्यात आठच घ्या:

- लर्न द रोप्स: नव्या कामाच्या खाचाखोचा शिकणं
- गेट द हँग ऑफ इट: हात बसणं
- लर्न समथिंग बाय हार्ट: तोंडपाठ करणं
- ब्रश अप ऑन: पूर्वी येत असलेल्या गोष्टीची उजळणी करणं
- लर्न समथिंग द हार्ड वे: ठेच खाऊन शिकणं
- रिंग अ बेल: ऐकल्यासारखं वाटणं
- पिक समवन्स ब्रेन: जाणकाराकडून माहिती, सल्ला घेणं
- टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज: माझ्या माहितीप्रमाणे

समजायच्या भागात मग हवे तितके: 'स्कूल ऑफ हार्ड नॉक्स' (टक्केटोणपे खाऊन मिळालेलं शिक्षण), 'वेट बिहाइंड द इअर्स' (अजून कच्चा, अननुभवी), 'नो युवर अनियन्स' (आपला विषय पक्का माहीत असणं), 'बोन अप ऑन' (ठरावीक कामापुरता भराभर अभ्यास करणं). कांद्याचा तो वाक्प्रचार ऐकायला मजेशीर आहे, पण आता जुनाट वाटतो. ऐकला तर ओळखा आणि सोडून द्या.

२. शब्दकोशात शोधण्याची पद्धत

वाक्प्रचार त्याच्या पहिल्या शब्दाखाली शोधू नका. त्यातला सगळ्यात वजनदार शब्द, बहुतेकदा नाम, तो उघडा. 'लर्न द रोप्स' हवा असेल तर 'लर्न' नाही, 'रोप'. ऑक्सफर्डमध्ये नोंदीच्या तळाशी 'इडियम्स' असा वेगळा विभाग असतो. तिथे एकाच ओळीत तीन क्रियापदं दिसतील: 'शो समबडी', 'नो' आणि 'लर्न', पुढे 'द रोप्स'. म्हणजे एकाच नोंदीतून तीन वाक्प्रचार हाती आले: खाचाखोचा शिकणं, त्या माहीत असणं आणि त्या नव्या माणसाला दाखवणं.

काही शब्दकोशांत 'एस-बी' आणि 'एस-टी-एच' अशी अक्षरं दिसतात. ती 'समबडी' आणि 'समथिंग'ची लघुरूपं. तिथे माणूस येणार की वस्तू, हे त्यावरून कळतं. नवशिके ती अक्षरं ओलांडून पुढे जातात आणि मग 'पिक द ब्रेन' असं काहीतरी बोलून बसतात. तिथे कोणाचा तरी मेंदू लागतो: 'युवर ब्रेन', 'हर ब्रेन'. ब्रिटिश लोक बऱ्याचदा अनेकवचनात 'ब्रेन्स' म्हणतात, अमेरिकी एकवचनात. दोन्ही चालतं.

अर्थाच्या आधीचं तिरकं लेबल सगळ्यात मोलाचं. 'इनफॉर्मल' असेल तर अर्जात लिहू नका. 'ओल्ड-फॅशन्ड' असेल तर समजायच्या भागात टाका. 'डिसअप्रूव्हिंग' असेल तर त्यात नापसंती आहे, कौतुक करताना वापरलात तर उलटेल. 'ह्यूमरस' असेल तर वापरण्याआधी समोरचा माणूस बघा.

३. वहीतलं एक पान

एका वाक्प्रचाराला एक पान. पाच नोंदी, त्याच क्रमाने. 'लर्न द रोप्स'चं पान असं दिसेल:

रूप: लर्न द रोप्स. 'द' हवाच. 'रोप्स' कायम अनेकवचनी.

काय बदलतं: फक्त क्रियापद. लर्निंग, लर्न्ट, लर्न्ड. दोरांच्या आधी विशेषण घालून 'द न्यू रोप्स' करायचं नाही. सगळ्यात सहज रूप चालू वर्तमानकाळातलं: 'आयम स्टिल लर्निंग द रोप्स.'

कोण, कुठे: नवा माणूस स्वतःबद्दल म्हणतो, किंवा वरिष्ठ त्याच्याबद्दल. काम, जागा, व्यवस्था यांच्या संदर्भात. 'मी जर्मन शिकतोय' या अर्थाने नाही, गणितासाठी तर नाहीच. शिडाच्या जहाजावर नव्या खलाशाला कोणता दोर कशाचा हे आधी शिकावं लागे, ते चित्र डोक्यात ठेवलं की कुठे बसतो आणि कुठे नाही हे आपोआप कळतं.

मराठी जोडीदार: 'खाचाखोचा समजून घेणं' सगळ्यात जवळचं. 'श्रीगणेशा करणं' नाही. श्रीगणेशा हा सुरुवातीचा क्षण, रोप्स शिकणं काही आठवडे चालतं.

माझं वाक्य: इथे पुस्तकातलं वाक्य उतरवायचं नाही. तुमच्या ऑफिसातलं, कॉलेजातलं, दुकानातलं, जे उद्या खरोखर बोलाल असं. 'आय जॉइन्ड द अकाउंट्स सेक्शन लास्ट मंथ, सो आयम स्टिल लर्निंग द रोप्स.'

पाचवी नोंद भरता येत नसेल तर तो वाक्प्रचार अजून तुमचा नाही. मागच्या भागात टाका.

४. रूप बिघडतं ते इथे

'बाय हार्ट' मध्ये 'द' नाही, 'द हार्ड वे' मध्ये 'द' आहे. यामागे तर्क शोधू नका, कान तयार करा. 'लर्न्ट इट इन हार्ड वे' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. त्यात 'इन' जास्तीचा आणि 'द' गायब. बरोबर वाक्य: 'आय लर्न्ट इट द हार्ड वे.' याच जागी 'हार्डली' आला तर अर्थच पालटतो. 'आय हार्डली स्टडीड' म्हणजे मी जेमतेम अभ्यास केला. मेहनत सांगायला गेलात आणि आळस सांगून आलात.

'गेट द हँग ऑफ इट' मधल्या 'हँग'चा मोबाईल हँग होण्याशी काही संबंध नाही. शेवटचं 'ऑफ इट' गाळू नका. 'आयम गेटिंग द हँग ऑफ इट' म्हणजे हात बसत चाललाय. मराठीतला हा 'हात बसणं' इतका चपखल आहे की दोन्ही एकाच दमात लक्षात राहतात. विषय सांगायचा असेल तर 'इट'च्या जागी तो घाला: 'द हँग ऑफ धिस सॉफ्टवेअर'.

'रिंग अ बेल' मध्ये कर्ता माणूस नसतो. घंटा वाजवतं ते नाव: 'दॅट नेम रिंग्ज अ बेल.' 'आय रिंग अ बेल' म्हणालात तर तुम्ही दारावरची बेल वाजवताय. मराठीत 'नाव कानावरून गेलंय' म्हणतो तेव्हाही कर्ता नावच असतं, ते आठवा. उलट ऐन वेळी काहीच आठवलं नाही तर कर्ता तुमचं डोकं: 'माय माइंड वेंट ब्लँक.' इंटरव्ह्यूत गप्प बसण्यापेक्षा हे वाक्य शंभरपटीने बरं.

'ब्रश अप ऑन' फक्त आधी येत असलेल्या गोष्टीसाठी. कधीच न शिकलेलं फ्रेंच 'ब्रश अप' होत नाही. विसरलेली भाषा 'रस्टी' असते, मराठीत म्हणतो तशी गंजलेली: 'माय फ्रेंच इज रस्टी, आय नीड टू ब्रश अप ऑन इट.'

'नो समथिंग लाइक द बॅक ऑफ माय हँड', म्हणजे खडानखडा माहीत असणं. इथे हाताची पाठ, तळवा नाही. आपल्या जिभेवर तळहात असतो, संस्कृतातून आलेलं 'हस्तामलकवत्' ही तळहातावरच्या आवळ्याचंच चित्र दाखवतं. म्हणून मराठी माणूस हटकून 'पाम' म्हणतो. हा वाक्प्रचार जागेसाठी सर्वात शोभतो: 'आय नो दादर लाइक द बॅक ऑफ माय हँड.'

आणि 'नॉलेज'. त्याचं अनेकवचन होत नाही, 'नॉलेजेस' नाही. पण 'अ गुड नॉलेज ऑफ मराठी' मध्ये 'अ' येतो आणि तो बरोबर आहे. 'इट्स कॉमन नॉलेज' मध्ये मात्र 'अ' नाही.

५. मराठी जोडीदार कुठे फसवतो

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, कारण इथे शब्द बरोबर असतो आणि रंग चुकतो.

'कॅन आय पिक युवर ब्रेन?' ऐकलं की आपल्याला 'डोकं खाऊ का?' असं वाटतं. डोकं खाणं म्हणजे छळणं. इंग्रजीत ही नम्र विनंती आहे, थोडा वेळ द्या, तुमच्या अनुभवातलं विचारायचंय. कोणी म्हणालं तर हसू नका, वेळ द्या. तुम्ही म्हणत असाल तर सोबत वेळ सांगा: 'फॉर टेन मिनिट्स'.

'टीच समवन अ लेसन' आणि 'धडा शिकवणं' मात्र तंतोतंत जुळतात, आणि खड्डा त्यातच आहे. शिक्षकाच्या नोकरीच्या मुलाखतीत 'टुमॉरो आय विल टीच द स्टुडंट्स अ लेसन' म्हटलं तर समोरच्याला आधी छडी दिसते. पुढे विषय जोडला की वाक्य सुधारतं: 'अ लेसन ऑन फ्रॅक्शन्स'. त्याहून सोपं, 'आय विल टीच फ्रॅक्शन्स'. स्वतःच अद्दल घडली असेल तर 'आय हॅव लर्न्ट माय लेसन'. मराठीत साहेब 'शाळा घेतात' तेव्हा पाढे म्हणवून घेत नाहीत, तसंच हे.

'बाय हार्ट' आणि 'बाय रोट' दोन्हींना आपण पाठांतर म्हणतो, पण पहिला तटस्थ, दुसरा नाराजीचा. कविता 'बाय हार्ट' येते, न समजता घोकलेली व्याख्या 'बाय रोट'. ब्रिटिश इंग्रजीत 'पॅरट-फॅशन' असाही शब्द आहे, आपल्या पोपटपंचीचा सख्खा भाऊ. पोपट दोन्हीकडे सारखाच बदनाम.

'बुकवर्म' हा बऱ्यापैकी लाडाचा शब्द, वाचनवेडा अशा अर्थाचा. मराठीतला 'पुस्तकी किडा' जरा खोचक. ब्रिटिश 'स्वॉट' मात्र खरंच चिडवण्याचा, सतत पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्याला वर्गातली पोरं म्हणतात तो.

'बर्न द मिडनाइट ऑइल' साठी 'रात्रीचा दिवस करणं' ठीक. पण दिव्यावरून 'दिवे लावणं' आठवलं तर सांभाळा. मराठीत 'काय दिवे लावलेस?' हा टोमणा आहे, इंग्रजीत रात्रीचं तेल जाळणारा कौतुकालाच पात्र असतो.

'यू कॅन लीड अ हॉर्स टू वॉटर' ही अर्धी म्हण हल्ली अर्धीच बोलतात. पुढचा भाग, पाणी पाजता मात्र येत नाही, हा गृहीत. तिला 'पालथ्या घड्यावर पाणी' लावायचा मोह होतो. फरक असा की घड्यात पाणी शिरूच शकत नाही, घोड्याला प्यायचं नसतं. विद्यार्थ्याला समजत नसेल तर घडा, त्याला शिकायचंच नसेल तर घोडा.

आता दोन धोक्याचे. 'यू कान्ट टीच ॲन ओल्ड डॉग न्यू ट्रिक्स' हे स्वतःबद्दल हसत म्हणता येतं. वयाने मोठ्या सहकाऱ्याबद्दल म्हणालात तर त्यांना म्हातारा कुत्रा म्हटल्यासारखं होतं. 'टीच युवर ग्रँडमदर टू सक एग्ज' म्हणजे ज्याला जास्त कळतं त्यालाच अक्कल शिकवणं. आजी आणि अंडी दोन्ही निरुपद्रवी, पण वाक्य टोचणारं. दोन्ही मागच्या भागात.

६. भारतात चालतं, बाहेर अडतं

पुण्यात किंवा नागपुरात हे शब्द कोणालाच खटकणार नाहीत. क्लायंट लंडनचा असेल किंवा परीक्षक बाहेरचा असेल तर खटकतील.

- 'आय बायहार्टेड द पोएम': 'बायहार्ट' हे क्रियापद आपल्याकडचं. बाहेर 'आय लर्न्ट इट बाय हार्ट'.
- 'मग अप': ब्रिटिश इंग्रजीत याचा अर्थ घाईने अभ्यास करणं. न समजता घोकणं हा अर्थ भारतातला. घोकंपट्टीच म्हणायची असेल तर 'बाय रोट'.
- 'आय पास्ड आउट इन २०१९': बाहेरच्या माणसाला वाटेल तुम्ही बेशुद्ध पडलात. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हणा.
- 'आय हॅव अ डाउट': आपल्याला शंका विचारायची असते, त्यांना अविश्वास ऐकू येतो. 'आय हॅव अ क्वेश्चन'.
- 'ॲज पर माय नॉलेज': ईमेलमध्ये हे फार दिसतं. औपचारिक हवं तर 'टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज', साधं हवं तर 'ॲज फार ॲज आय नो'.

हे शब्द चुकीचे आहेत असं नाही. भारतीय इंग्रजी ही जितीजागती भाषा आहे. कुठे उभे राहून बोलताय एवढं बघायचं.

७. म्हणी: थोडक्यात

म्हणींचा भाव वाक्प्रचारापेक्षा जड असतो, बोलण्यात महिन्यातून एखादी आली तरी पुरे. एक मात्र नीट माहीत असावी. 'अ लिटल नॉलेज इज अ डेंजरस थिंग' असं सगळे म्हणतात, बोलण्यात ते चालतंही. पण ही मूळ ओळ अलेक्झांडर पोपच्या १७११ सालच्या कवितेतली, आणि तिथे शब्द 'लर्निंग' आहे. निबंधात पोपचं नाव घालून उद्धृत करणार असाल तर 'लर्निंग'च लिहा. तिला 'उथळ पाण्याला खळखळाट फार' जोडू नका. उथळ पाणी नुसता आवाज करतं, इथे धोका सांगितला आहे.

'स्टीप लर्निंग कर्व्ह' ही म्हण नाही, पण इंटरव्ह्यूत उपयोगी. अर्थ, थोड्या वेळात खूप शिकावं लागलं. आलेख काढणारा हुज्जत घालेल की चढ उभा म्हणजे शिकणं वेगाने झालं, मग अवघड कसं? तर्क त्याचा बरोबर, पण प्रचारात 'अवघड' हाच अर्थ रुजला आहे.

८. सराव, आणि आयईएलटीएसवाल्यांसाठी दोन शब्द

आठवड्याला दोन नवी पानं. जुनी पानं दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि एकविसाव्या दिवशी उघडायची. उघडल्यावर वाचायची नाहीत. पाचवी नोंद झाकून नवीन वाक्य बोलायचं आणि मोबाईलवर रेकॉर्ड करायचं. ऐकताना तीनच गोष्टी तपासा: 'द' जागेवर आहे का, अनेकवचन टिकलं का, वाक्य एका दमात आलं का. वाक्प्रचाराच्या आधी अडखळायला होत असेल तर तो अजून पाठ आहे, मुरलेला नाही.

मग एक मिनिटाचं उत्तर तयार करा: 'तुम्ही अलीकडे काय शिकलात?' नवशिक्याचं उत्तर बहुधा असं येतं: 'आय हिट द बुक्स, बर्न्ट द मिडनाइट ऑइल अँड पास्ड विद फ्लाइंग कलर्स.' म्हणजे पुस्तकांना भिडलो, रात्रीचा दिवस केला आणि झोकात पास झालो. व्याकरण निर्दोष, तरी ऐकणाऱ्याला ते लग्नपत्रिकेतल्या मजकुरासारखं वाटतं. तेच असं करून बघा: 'आय स्टार्टेड लर्निंग टू ड्राइव्ह इन जून. द क्लच वॉज डिफिकल्ट ॲट फर्स्ट, बट आयम गेटिंग द हँग ऑफ इट नाउ.' एकच वाक्प्रचार, योग्य जागी, बाकी साधं.

आयईएलटीएसच्या बोलण्याच्या निकषांत सातव्या बँडला, म्हणजे गुणांच्या सातव्या पातळीला, 'इडिओमॅटिक' शब्दसंपदेचा उल्लेख आहे. तो वाचून लोक म्हणी रटतात. 'इडिओमॅटिक' म्हणजे भाषेच्या सहज वळणाचं, त्यात 'ब्रश अप ऑन'ही येतं आणि 'टेक ॲन एक्झाम'ही. मराठीत आपण परीक्षा 'देतो', इंग्रजीत ती 'टेक' करतात, ब्रिटिश लोक 'सिट'ही म्हणतात. 'गिव्ह ॲन एक्झाम' त्यांच्या कानाला शिक्षकाने परीक्षा घेतल्यासारखं लागतं. ही एक दुरुस्ती पाच म्हणींपेक्षा मोलाची. लेखी निबंधात मात्र 'हिट द बुक्स'सारखे अनौपचारिक वाक्प्रचार अजिबात नकोत.

९. समोरच्याने अनोळखी वाक्प्रचार वापरला तर

मान डोलावून पुढे जाऊ नका, पुढचा प्रश्न त्यावरच येतो. संदर्भावरून अंदाज बांधा आणि तो लगेच पडताळा: 'डू यू मीन आय शुड आस्क हर फर्स्ट?' अंदाजच नसेल तर 'सॉरी, आय हॅवन्ट हर्ड दॅट वन बिफोर' पुरेसं आहे. 'आय डोन्ट नो इंग्लिश' म्हणायची गरज नाही. जाणकार ब्रिटिश माणसालाही अमेरिकी बेसबॉलचे वाक्प्रचार विचारावे लागतात. समोरचा सांगेल तो अर्थ त्याच दिवशी वहीच्या मागच्या भागात टिपा, आणि रात्री लेबल बघून ठरवा की पान मागेच ठेवायचं की पुढे आणायचं.